सुतारखोलीतल्या बाई

गेले दोन-अडीच महिने मी एका बाईंच्या मागे लागले आहे. नाव लीझ माइटनर. मूळच्या व्हिएन्नाच्या, आयुष्यातली ऐन कर्तृत्वाची एकतीस वर्षं बर्लिनमध्ये, मग स्वीडन आणि शेवटी इंग्लंड. युरेनियमचा अणू फुटतो म्हणजे नक्की काय होतं, हे जगात पहिल्यांदा ज्या दोघांनी कागदावर मांडलं, त्यातल्या या एक. दुसरा त्यांचा भाचा.

मी इतिहास-मराठीची बी.ए. त्यामुळे या लेखात जिथे पदार्थविज्ञान येईल तिथे ते मी मला समजलं त्या घरगुती भाषेत सांगणार. घरातल्या इंजिनियर मंडळींनी हसू नये, चुकलं तर फोन करून सांगावं.

या बाईंबद्दल जे काही वाचायला मिळतं त्यात निम्म्याहून अधिक भाग त्यांचं नोबेल कसं हुकलं याचा असतो. ते खरंच आहे आणि पुढे मीही सांगणार आहे. पण वाचता वाचता मी अडकले ती दुसऱ्याच जागी. नोबेलबद्दल या बाईंनी चारचौघांत कधी त्रागा केला नाही. स्वतःच्या आयुष्यातल्या पाच वर्षांबद्दल मात्र त्यांनी स्वतःला कठोरपणे दोष दिला. ती पाच वर्षं कोणती, आणि दोष नेमका कशाचा, हे मला समजून घ्यायचं होतं.

तर सुरुवातीपासून सांगते.

लीझचा जन्म नोव्हेंबर १८७८ चा. वडील वकील, घर ज्यू, पण कर्मकांडाचं नव्हे. पुस्तकं, संगीत आणि चर्चा यांचं. आठ भावंडं, ही तिसरी. त्या काळी व्हिएन्नात मुलींची सरकारी शाळा चौदाव्या वर्षी संपायची. पुढे काय, तर लग्न किंवा फार तर शिक्षिकेचा अभ्यासक्रम. वडिलांचं म्हणणं, आधी स्वतःच्या पायावर उभं राहता येईल असं काहीतरी कर, मग काय शिकायचं ते शीक. म्हणून लीझने फ्रेंचची शिक्षिका होण्याचं प्रशिक्षण घेतलं. हे वाचून मला उगीचच बरं वाटलं. आपल्या जातकुळीतल्या म्हणायच्या!

१८९७ साली ऑस्ट्रियाने मुलींना विद्यापीठाची दारं उघडली. पण दार उघडलं तरी आत जायला मॅट्रिकची परीक्षा हवी, आणि ती परीक्षा ज्या शाळांतून देता येई त्या शाळा मुलांच्या. मग खाजगी शिकवणी. मधली राहून गेलेली शाळेची वर्षं दोन-तीन वर्षांत भरून काढायची. धाकटी भावंडं चिडवायची म्हणे, की बघ, पुस्तक हातात न घेता खोलीतून गेलीस, आता तू नापास होणार. १९०१ साली बाहेरून परीक्षेला बसलेल्या मुली चौदा. पास झाल्या चार. त्यात लीझ एक.

विद्यापीठात लुडविग बोल्ट्झमान शिकवायला होते. हे नाव विज्ञानाच्या मंडळींना सांगायला नको. अणू खरोखर अस्तित्वात आहेत यासाठी हा माणूस आयुष्यभर भांडला, कारण तेव्हा मोठमोठ्या विद्वानांनाही ते पटत नव्हतं. त्यांची व्याख्यानं लीझ म्हातारपणापर्यंत विसरल्या नाहीत. चांगला शिक्षक मुलाच्या आयुष्याची दिशा ठरवतो हे वाक्य आपण निरोपसमारंभात इतक्यांदा ऐकतो की त्याचं काही वाटेनासं होतं, पण इथे ते अक्षरशः घडलं आहे. १९०६ मध्ये लीझना डॉक्टरेट मिळाली. व्हिएन्ना विद्यापीठात पदार्थविज्ञानात ती मिळवणाऱ्या त्या दुसऱ्या स्त्री. त्याच वर्षी सप्टेंबरात बोल्ट्झमाननी आत्महत्या केली.

आता त्या डॉक्टर झाल्या, तेव्हा इथून पुढे मी त्यांना बाई म्हणणार. शाळेतल्यासारखं.

१९०७ मध्ये बाई बर्लिनला आल्या. वय अठ्ठावीस, खर्चाला वडिलांकडून थोडे पैसे, ओळखीचं कुणी नाही. मॅक्स प्लँक यांच्या वर्गात बसायचं होतं. प्लँक म्हणजे पुंजसिद्धान्तवाले. बायकांनी विद्यापीठात यावं या मताचे ते नव्हते, अपवाद म्हणून एखादीला चालेल, इतकंच. पण या मुलीला त्यांनी बसू दिलं, आणि पुढे तिच्यामागे जितके ठाम उभे राहिले तितकं क्वचितच कुणी राहिलं असेल.

प्रयोगाला जागा हवी होती. तिथे ऑटो हान नावाचा एक रसायनतज्ज्ञ भेटला, बाईंच्याच वयाचा, किरणोत्सर्गावर काम करणारा आणि सोबतीला पदार्थविज्ञानातलं कुणी शोधणारा. अडचण अशी, की हान ज्या रसायन संस्थेत होता तिचे प्रमुख एमिल फिशर बायकांना आत येऊ देत नसत. शेवटी तडजोड निघाली. तळघरात पूर्वी सुतारकामाची खोली होती, तिला बाहेरून वेगळं दार होतं. बाईंनी त्या दारानं यायचं, त्याच खोलीत काम करायचं. वरच्या मजल्यावर, जिथे हानची दुसरी प्रयोगशाळा, तिथे पाय ठेवायचा नाही. आणि संस्थेत बायकांसाठी स्वच्छतागृह नसल्याने त्यासाठी रस्त्यावरच्या एका खाणावळीत जायचं.

हा तपशील मी मुद्दाम लिहिते आहे. चरित्रांमधून 'अनेक अडचणींना तोंड देत' असं एका ओळीत लिहून टाकायची आपल्याकडे पद्धत आहे. अडचण म्हणजे नेमकी काय? तर ही. दिवसातून दोनतीनदा कोट चढवून, बर्लिनच्या थंडीत, रस्ता ओलांडून जाणं. पगार शून्य. रस्त्यात संस्थेतले लोक भेटले की 'नमस्कार, हानसाहेब' म्हणायचे आणि शेजारी उभ्या असलेल्या बाईंकडे बघायचेसुद्धा नाहीत. पुढच्या वर्षी प्रशियाने बायकांना विद्यापीठात रीतसर प्रवेश दिला, मग फिशरनी बंदी उठवली आणि स्वच्छतागृह बांधून घेतलं. पुढे ते बाईंचे चांगले पाठीराखे झाले हेही सांगायला हवं.

१९०८ मध्ये रदरफर्ड नोबेल घेऊन परतताना बर्लिनला थांबले. बाईंना पाहून चकित झाले, कारण नुसत्या आडनावावरून लेख वाचले होते आणि त्यांना वाटलं होतं हा कुणी पुरुष असणार. मग रदरफर्ड आणि हान अणूवर गप्पा मारत बसले आणि बाईंना रदरफर्डबाईंसोबत नाताळच्या खरेदीला जावं लागलं!

हान आणि माइटनर ही जोडी मात्र विलक्षण जमली. तो हाताने कुशल, धीराचा, पदार्थ वेगळे करण्यात वाकबगार. ही गणिताची, 'असं का' विचारणारी. काम चांगलं चाललं की दोघं ब्राम्सची द्वंद्वगीतं गुणगुणत. पण तरी बरीच वर्षं एकमेकांशी अहो-जाहो. बाहेर जेवायला जाणं वगैरे नाहीच. आपल्याकडच्या त्या काळच्या मर्यादांपेक्षा फार वेगळं नव्हतं म्हणायचं.

मधली वर्षं भराभर सांगते. १९१२ मध्ये बर्लिनजवळ दालेमला कैसर विल्हेल्म रसायन संस्था सुरू झाली, दोघं तिथे गेली. त्याच वर्षी प्लँकनी बाईंना आपली सहायक नेमलं, म्हणजे विद्यार्थ्यांच्या वह्या तपासायचं काम, पण पगारी. पहिलं महायुद्ध आलं तेव्हा बाई ऑस्ट्रियाच्या सैन्यात क्ष-किरणांच्या परिचारिका म्हणून गेल्या, परत आल्या आणि एकट्याच प्रयोगशाळेत बसून एका नव्या मूलद्रव्याचा पाठलाग करू लागल्या, कारण हान सैन्यात होता. अणुक्रमांक ९१, प्रोटॅक्टिनियम. बहुतेक काम बाईंचं. १९१८ साली निबंध निघाला तेव्हा पहिलं नाव हानचं. बाईंनी तसं राहू दिलं. १९१७ पासून त्यांना स्वतःचा पदार्थविज्ञान विभाग मिळालेला होता. १९२२ मध्ये विद्यापीठात शिकवण्याचा अधिकार मिळाला तेव्हा त्यांचं पहिलं व्याख्यान विश्वाच्या भौतिकीवर होतं. एका वर्तमानपत्राने 'कॉस्मिक'चं 'कॉस्मेटिक' करून छापलं. छापणाऱ्याला वाटलं असेल, बाई आहे, म्हणजे सौंदर्यप्रसाधनांवरच बोलणार! १९२६ मध्ये त्या प्राध्यापक झाल्या, जर्मनीतल्या पदार्थविज्ञानाच्या पहिल्या स्त्री प्राध्यापक. आइन्स्टाइन त्यांना 'आमच्या मादाम क्यूरी' म्हणत.

आता त्या पाच वर्षांकडे येते.

जानेवारी १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. एप्रिलमध्ये कायदा झाला आणि ज्यू वंशाचे प्राध्यापक, नोकरदार एकामागून एक घरी गेले. बाईंनी १९०८ सालीच ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, पण नाझींच्या हिशेबात त्याला किंमत नव्हती, आजी-आजोबा मोजले जात. बाईंचं विद्यापीठातलं प्राध्यापकपद त्याच वर्षी गेलं. भाचा ऑटो फ्रिश हॅम्बुर्गला होता, त्याची नोकरी गेली, तो देश सोडून गेला. आइन्स्टाइन परतले नाहीत. लिओ झिलार्ड तर पहिल्या झटक्यातच बाहेर पडले.

बाई राहिल्या.

का राहिल्या? कारणं सगळी पटण्यासारखी आहेत आणि म्हणूनच मला ती जास्त लागतात. संस्था बरीचशी उद्योगांच्या पैशांवर चालत होती, त्यामुळे तिथली जागा शाबूत होती. पासपोर्ट ऑस्ट्रियाचा होता, म्हणजे कायद्याने त्या परदेशी. कोपनहेगनला नील्स बोर यांच्याकडे वर्षभर जाण्याची सोय होऊ शकत होती, पण गेलं तर परतता येईल का ही धास्ती. प्लँक सांगत होते, थांबा, हे वादळ जाईल. वय पंचावन्नाकडे झुकलेलं. स्वतः विटा रचून उभा केलेला विभाग. तो सोडून परक्या देशात शून्यापासून पुन्हा सुतारखोली शोधायची?

आणि समोर काम असं आलेलं, की उठवत नव्हतं. १९३४ मध्ये रोमला एन्रिको फर्मी यांनी युरेनियमवर न्यूट्रॉनचा मारा केला आणि काहीतरी नवीन किरणोत्सर्गी पदार्थ मिळाले. सर्वांचा समज असा, की युरेनियमच्या पलीकडची, त्याहून जड मूलद्रव्यं तयार झाली. बाईंनी हानला गळ घातली, हे आपण करायला हवं. तिसरा आला फ्रिट्झ श्ट्रासमान, तरुण रसायनतज्ज्ञ. हा गडी नाझींच्या कुठल्याही संघटनेत शिरायला तयार नव्हता, त्यामुळे त्याला नोकरी मिळत नव्हती. बाईंच्या आग्रहामुळे त्याला अर्ध्या पगारावर का होईना ठेवून घेतलं. पुढे युद्धात याने आणि त्याच्या बायकोने एका ज्यू स्त्रीला स्वतःच्या घरात लपवलं होतं. श्ट्रासमानवर कुणीतरी मराठीत स्वतंत्र लिहायला हवं.

चार वर्षं तिघं त्या कोड्यात गुंतली. इडा नोडाक नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञ बाईंनी १९३४ मध्येच सुचवलं होतं की कदाचित अणुकेंद्राचे मोठे तुकडे होत असतील, ते तपासून पाहा. कुणीच लक्ष दिलं नाही. फर्मीनी नाही, हाननी नाही, आणि माइटनरबाईंनीही नाही. ज्यांचं स्वतःचं म्हणणं लोकांनी कानाआड केलं होतं त्यांच्याकडूनही दुसरीचं म्हणणं कानाआड होऊ शकतं.

मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला. एका दिवसात बाईंचा पासपोर्ट कागदाचा तुकडा झाला. संस्थेतल्याच एका नाझी सहकाऱ्याने बोलायला सुरुवात केली की या ज्यू बाईमुळे संस्था धोक्यात आहे. मग हुकूम निघाला, शास्त्रज्ञांना देश सोडू द्यायचा नाही. म्हणजे राहता येत नाही आणि जाताही येत नाही.

सुटका ठरवली ती डच शास्त्रज्ञांनी. डर्क कोस्टर नावाचे गृहस्थ स्वतः बर्लिनला आले. बारा जुलैला बाई नेहमीसारख्या संस्थेत गेल्या आणि कुणाला संशय येऊ नये म्हणून रात्री आठपर्यंत एका तरुण सहकाऱ्याचा लेख तपासत बसल्या. (हे वाचून मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. शेवटच्या दिवशीसुद्धा दुसऱ्याची वही तपासणं!) मग दीड तासात दोन छोट्या बॅगा. रात्र हानच्या घरी. निघताना हानने आपल्या आईची हिऱ्याची अंगठी काढून दिली, सीमेवर कुणाला लाच द्यायची वेळ आली तर असावी. पर्समध्ये दहा मार्क. तेरा तारखेला रेल्वेने कोस्टर यांच्यासोबत त्या हॉलंडमध्ये उतरल्या. अंगठी द्यावी लागली नाही. कोस्टर हे हाफ्नियम या मूलद्रव्याच्या शोधाबद्दल प्रसिद्ध होते. पाउलींनी त्यांना कळवलं, माइटनरना पळवून आणल्याने आता तुम्ही हाफ्नियमइतकेच प्रसिद्ध झालात.

एकोणसाठाव्या वर्षी बाई स्टॉकहोमला पोचल्या. मान्ने सीगबान यांच्या संस्थेत जागा मिळाली. जागा म्हणजे खरोखर नुसतीच जागा. उपकरणं नाहीत, मदतनीस नाहीत, पगार तुटपुंजा, भाषा येत नाही. किल्ली दिलेल्या बाहुलीसारखं मी हसते-वावरते, आत जीव नाही, अशा अर्थाचं त्यांनी हानला लिहिलं होतं.

पत्रं मात्र चालू होती. नोव्हेंबरात कोपनहेगनला दोघांची भेटही झाली, बर्लिनमध्ये कुणाला कळू न देता. हान आणि श्ट्रासमान यांना तेव्हा वाटत होतं की युरेनियमपासून रेडियम मिळतंय. बाईंनी ते मोडून काढलं, असं होणं शक्य दिसत नाही, पुन्हा नीट तपासा. परत जाऊन त्यांनी तपासलं. आणि १९ डिसेंबरला हानचं पत्र निघालं. ते रेडियम नव्हे, बेरियम असल्यासारखं वागतंय. युरेनियमचं बेरियम होऊ शकत नाही हे आम्हालाही कळतं. तुम्हाला काही भन्नाट स्पष्टीकरण सुचतं का? असा त्याचा आशय.

बाईंनी उलट टपाली लिहिलं की इतकं मोठं फुटणं मानणं अवघड वाटतं, पण या क्षेत्रात आपण इतकी आश्चर्यं पाहिली आहेत की अशक्य म्हणता येत नाही.

नाताळसाठी त्या स्वीडनच्या पश्चिमेला कुंगेल्व या छोट्या गावी मैत्रिणीकडे गेल्या होत्या. भाचा फ्रिश कोपनहेगनहून आला. मावशीने त्याच्या हातात पत्र ठेवलं. तो म्हणाला, चुकलं असेल काहीतरी. मावशी म्हणाली, हान अशी चूक करणार नाही. दोघं बर्फात फिरायला निघाली, तो स्कीवर, ती पायी, आणि तिने सांगितलं होतं तसं ती त्याच्या बरोबरीने चालू शकत होती.

आता माझ्या घरगुती भाषेत. युरेनियमच्या अणुकेंद्रात ९२ प्रोटॉन. बेरियमच्या ५६. तोपर्यंतचा अनुभव असा, की अणुकेंद्रातून फार तर एखादा छोटा कण उडतो, दोन पायऱ्या खाली किंवा एक पायरी वर. इथे तर एकदम छत्तीस पायऱ्या. म्हणजे तासणीने ढलपी काढावी तसं नाही, ओंडकाच दुभंगल्यासारखं. पण न्यूट्रॉन म्हणजे काही कुऱ्हाड नव्हे. मग कसं?

बोर यांनी अणुकेंद्राला पाण्याच्या थेंबाची उपमा दिली होती. आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर ती अळूच्या पानावर दाखवायचे. पानावरचा छोटा थेंब गोल गरगरीत, मोती. थेंब मोठा होत गेला की डळमळतो, आणि काडी लागली की मध्ये बारीक होऊन दोन होतात. युरेनियमचा थेंब असाच अगदी काठावरचा. आतले प्रोटॉन एकमेकांना ढकलत असतात आणि थेंबाला गोल ठेवणारी ओढ त्यापुढे जेमतेम पुरते. न्यूट्रॉनचा धक्का लागला की थेंब लांबतो, कंबर बारीक होते आणि तुटतो. ५६ चं बेरियम आणि उरले ३६, म्हणजे क्रिप्टॉन. बेरीज ९२. जमलं!

दोघं एका ओंडक्यावर बसली आणि खिशातल्या कागदांच्या कपट्यांवर हिशेब सुरू झाला. तुटलेले दोन तुकडे एकमेकांना दूर लोटतील ती ऊर्जा किती? सुमारे वीस कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट. कोळशाचा एक अणू जळला की अशी ऊर्जा निघते चार. चार कोटी नव्हे हं, नुसते चार! मग इतकी ऊर्जा येणार कुठून? बाईंना अणुकेंद्रांची वजनं काढायचं सूत्र तोंडपाठ होतं. त्यांनी तिथेच गणित केलं. दोन तुकड्यांचं मिळून वजन मूळ अणुकेंद्रापेक्षा एका प्रोटॉनच्या पाचव्या भागाइतकं कमी भरतं. वस्तुमान म्हणजेच ऊर्जा हे आइन्स्टाइनचं सूत्र त्यांनी १९०९ मध्ये साल्झबुर्गच्या सभेत खुद्द त्यांच्या तोंडून ऐकलं होतं. ते लावलं. उत्तर आलं सुमारे वीस कोटी.

दोन वेगळ्या वाटांनी गेलं आणि एकच आकडा आला. गणित शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणी म्हणतात, ताळा जुळला की जो आनंद होतो तो बाकी कशात नाही. मी गणिताची नव्हे, पण इथे तो मलाही झाला.

फ्रिशने कोपनहेगनला जाऊन बोर यांना सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारून घेतला, आपण सगळे किती मूर्ख होतो म्हणत. जीवशास्त्रात पेशी दुभंगते त्याला जो शब्द आहे तो, 'फिशन', फ्रिशने उचलला. मावशी-भाच्याचा लेख ११ फेब्रुवारी १९३९ च्या 'नेचर'मध्ये आला. हान-श्ट्रासमान यांचा त्याआधी ६ जानेवारीला जर्मनीत आला होता. त्यावर बाईंचं नाव नव्हतं. पळून गेलेल्या ज्यू बाईचं नाव घालणं बर्लिनमध्ये शक्यच नव्हतं, हे खरं. पण भीतीपोटी जे वगळलं ते पुढे हानच्या तोंडी कायमचं बसलं. शोध रसायनशास्त्राचा, पदार्थविज्ञानाने उलट आम्हाला अडवूनच ठेवलं होतं, असं तो म्हणायला लागला. युद्ध संपलं, भीती संपली, तरी म्हणतच राहिला. मला हान खलनायक वाटत नाही. आईची अंगठी काढून देणारा माणूस तो. पण अंगठी देणं कधीकधी श्रेय देण्यापेक्षा सोपं असतं.

१९४५ च्या नोव्हेंबरात स्टॉकहोमहून जाहीर झालं की रसायनशास्त्राचं १९४४ चं नोबेल एकट्या हानला. समितीचे कागद पन्नास वर्षांनी खुले झाले आणि १९९७ मध्ये तीन अभ्यासकांनी ते तपासून लिहिलं. निर्णय घेणाऱ्यांना पदार्थविज्ञानाची बाजू नीट कळली नव्हती, युद्धामुळे बाहेरच्या जगाचं मत पोचलं नव्हतं, आणि थोडा आकसही होता. बाईंचं नाव सगळं मिळून जवळजवळ पन्नास वेळा सुचवलं गेलं. एकदाही लागलं नाही. १९४६ च्या डिसेंबरात हान पारितोषिक घ्यायला आला तेव्हा त्याला आणायला बाई स्टेशनवर गेल्या होत्या.

बॉम्बचं म्हणाल, तर १९४३ मध्ये त्यांना अमेरिकेतल्या लॉस अलामोसच्या कामासाठी विचारणा झाली होती. स्टॉकहोमच्या त्या रिकाम्या खोलीतून सुटायची ती संधी होती. ओळखीचे सगळे तिथे होते, भाचासुद्धा गेला. बाईंनी साफ नकार दिला, बॉम्बशी मला काही कर्तव्य नाही. तरी हिरोशिमानंतर वर्तमानपत्रांनी त्यांनाच बॉम्बची आई करून टाकलं, पर्समध्ये गुपित घालून पळाली वगैरे. हॉलिवूडवाले सिनेमा काढायला निघाले, त्यात आपलं पात्र घालू देण्यापेक्षा मी ब्रॉडवेवरून विवस्त्र चालत जाईन, असं या एरवी भिडस्त बाईंनी लिहिलं!

आणि आता ते पत्र. जून १९४५. जर्मनी हरला होता, छळछावण्या उघडल्या गेल्या होत्या. बेल्झेन आणि बुखेनवाल्डची वर्णनं रेडिओवर ऐकून बाई रडल्या, रात्रभर झोपल्या नाहीत. त्यांनी हानला लिहिलं. आशय असा, की तुम्ही सर्वांनी नाझी जर्मनीसाठी काम केलंत आणि साधा असहकारसुद्धा करून पाहिला नाहीत. मनाच्या समाधानासाठी अधूनमधून एखाद्या गांजलेल्याला मदत केलीत, पण लाखो निरपराध मारले जात असताना कुणी ब्र काढला नाही. तुम्ही आधी मित्रांचा विश्वासघात केलात, मग मुलांचा आणि शेवटी जर्मनीचा. ते पत्र हानला पोचलंच नाही.

इतकंच असतं तर मी म्हटलं असतं, पीडिताचा संताप, योग्यच आहे. पण बाई तिथे थांबत नाहीत. ज्या तराजूत हानला घातलं त्यातच त्या स्वतः जाऊन बसतात. १९३३ मध्येच मी निघून जायला हवं होतं. राहिले हा नुसता मूर्खपणा नव्हता, ते मोठं नैतिक चुकणं होतं, कारण तिथे राहून मी हिटलरला आधारच दिला, असं त्यांनी पुढे हानलाच लिहिलं.

मी यावर बरेच दिवस विचार केला. माझी नात म्हणाली, आजी, त्यांनी कशाला वाईट वाटून घ्यायचं, त्यांनाच तर हाकललं ना? बरोबर आहे तिचं. मलाही प्रथम असंच वाटलं होतं. पण बाईंचं म्हणणं समजून घ्यायचा प्रयत्न केला तर असं दिसतं: १९३३ मध्ये शेजारच्या टेबलावरचा माणूस नाहीसा झाला आणि आपलं टेबल शाबूत राहिलं. आपण त्या टेबलावर बसून उत्तम काम केलं. ते काम जगाला दाखवून त्या राज्याला म्हणता आलं की बघा, आमच्याकडे सगळं ठीक चाललंय. यात बाईंनी कुणाचं वाईट केलं नाही, पण त्यांच्या हिशेबात ते पुरेसं नव्हतं. आणीबाणीत मी नोकरीत होते. स्टाफरूममध्ये त्या दिवसांत कोण काय बोलायचं थांबलं होतं ते मला आठवतं. त्या राजवटीशी याची तुलना नाही, अजिबात नाही. फक्त गप्प बसण्याची कारणं किती शहाणी वाटतात तेवढं ओळखीचं वाटलं.

१९४७ मध्ये श्ट्रासमानने माइन्झला बोलावलं, जुन्या संस्थेत मानाची जागा. बाई गेल्या नाहीत. तिथल्या लोकांना घडलं ते अजून कळलेलं नाही, आणि त्यांच्यात मला राहता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. पण हानशी मैत्री तोडली नाही. वाढदिवसांना शुभेच्छा, भेटी, पत्रं, सगळं शेवटपर्यंत. हे कसं जमलं ते मला कळत नाही. एखाद्याला 'तू चुकलास' असं तोंडावर सांगून त्याच्यावर माया करत राहणं फार थोड्यांना जमतं.

१९४९ मध्ये बाई स्वीडनच्या नागरिक झाल्या, १९६० मध्ये भाच्याजवळ राहायला केंब्रिजला गेल्या. १९६६ मध्ये अमेरिकेचं फर्मी पारितोषिक हान, माइटनर आणि श्ट्रासमान तिघांना मिळून दिलं गेलं. निदान एकदा तरी तिन्ही नावं एका कागदावर आली! बाईंना प्रवास झेपत नव्हता म्हणून ग्लेन सीबोर्ग स्वतः ते घेऊन केंब्रिजला आले. जुलै १९६८ मध्ये हान गेला. बाई इतक्या थकल्या होत्या की त्यांना सांगितलंच नाही. २७ ऑक्टोबरला त्या गेल्या, नव्वदीला दहाबारा दिवस कमी असताना. हॅम्पशायरमधल्या ब्रॅमलीला धाकट्या भावाच्या शेजारी त्यांना पुरलं.

त्यांनी बर्लिनमध्ये लावलेली उपकरणं, म्हणजे ज्यावर ते बेरियम सापडलं ती, म्युनिकच्या संग्रहालयात एका टेबलावर मांडून ठेवलेली आहेत. कितीतरी वर्षं त्यावर पाटी होती, 'ऑटो हान यांचं कामाचं टेबल'. खूप ओरड झाल्यावर ती बदलली. १०५ क्रमांकाच्या मूलद्रव्याला हानचं नाव द्यायचं चाललं होतं, ते बारगळलं, आणि १९९७ मध्ये १०९ क्रमांकाला 'माइटनेरियम' हे नाव पक्कं झालं. दालेमच्या त्या संस्थेच्या इमारतीला १९५६ साली हानचं नाव दिलेलं होतं. २०१० मध्ये ते बदलून 'हान-माइटनर' केलं. नातीने मला तिचा फोटो काढून दाखवला संगणकावर, कोपऱ्यावर गोल मनोरा आहे, वर टोपीसारखं छप्पर. बाईंनी तिथे पंचवीसहून अधिक वर्षं काम केलं, आणि या दारातून आत जायला त्यांना कुणी अडवत नव्हतं, १९३८ पर्यंत.